ऑपरेशनआधीचं ताट : काय करावं, काय टाळावं

निपाणी-बेळगाव भागात कुणाचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं की बातमी भावकीत पसरायला दोन दिवस पुरतात. मग घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "आत्ताच खाऊन घे, नंतर काय खाता यायचं नाही." बहीण बेळगावहून कुंदा आणते. मामी पुरणपोळ्यांचा डबा धाडते. जत्रेचं मटण तर कुणी चुकवूच देत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या वेळी आमच्याच घरात हे झालं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. तारीख मिळाल्यापासून तीन आठवड्यांत अक्कांचं वजन चार किलोंनी वाढलं आणि तपासणीनंतर सर्जननी ऑपरेशन पुढं ढकललं. वाढणारे हात आमचेच होते. दुसऱ्या तारखेपर्यंतच्या अडीच महिन्यांत आम्ही जे शिकलो आणि डॉक्टर, आहारतज्ज्ञ यांना विचारून जे समजून घेतलं, ते इथं लिहिते आहे. तुमच्या रुग्णालयानं दिलेलं आहारपत्रक आणि ही यादी यांत कुठं फरक दिसला, तर पत्रक खरं माना.

आधी कारण समजून घ्या

जठराच्या पुढ्यात यकृताचा डावा भाग असतो. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, आणि जठरापर्यंत पोचायला हा भाग उचलून धरावा लागतो. वजन खूप असलेल्यांचं यकृत बहुतेक वेळा चरबीनं मोठं आणि जड झालेलं असतं. ते उचलताना फाटून रक्त येऊ शकतं, मागचं जठर नीट दिसत नाही. कधी दुर्बिणीचं ऑपरेशन सोडून पोट उघडायची वेळ येते.

यकृतात साखरेचा साठा असतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात, भाकरी, साखर कमी केली की आधी हा साठा आणि पाणी उतरतं, त्याबरोबर चरबीही उतरू लागते. ऑपरेशनआधी अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात 12 आठवड्यांत यकृताचं आकारमान सरासरी 19 टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि त्यातली सुमारे 80 टक्के घट पहिल्या दोनच आठवड्यांत झाली. रुग्णालयं शेवटचे दोन आठवडे एवढे कडक का ठेवतात, ते यावरून कळेल. आपल्याकडे नेमक्या त्याच पंधरवड्यात "खाऊन घे" चालू असतं.

दुसरं कारण ऑपरेशननंतरचं. मोठ्या माणसाच्या जठरात एक ते दीड लिटर सहज मावतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत 100 ते 150 मिली मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. बायपास नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराची वरची पिशवी 30 मिलीपर्यंतच ठेवतात, म्हणजे दोन मोठे चमचे. भराभर जेवायची, घोट घेऊन घास ढकलायची सवय अशा जठराला सोसत नाही. जुनं जठर चुका पोटात घालतंय तोवरच नव्या सवयी लावून घ्यायच्या.

सुरुवातीला

करा : उंची-वजनाचा आकडा स्वतः काढा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. 160 सेंटिमीटर उंचीला 83 किलो म्हणजे साधारण 32.5 आणि 90 किलो म्हणजे 35. ऑपरेशनसाठी भारतीयांच्या बाबतीत तज्ज्ञांनी बरीच वर्षं 35 ते 37.5 ही रेषा धरली, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकणं असे आजार असतील तर 30 ते 32.5. जागतिक संघटनांनी 2022 मध्ये ही रेषा आणखी खाली आणली. विम्याच्या नियमात मात्र 40, किंवा ठरावीक गंभीर आजार असतील तर 35, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असणं, अशा अटी आहेत.

करा : आहाराची वही घाला. पहिले सात दिवस काहीही न बदलता फक्त लिहा. येताजाता तोंडात टाकलेले मूठभर चिरमुरे, पोराच्या ताटात उरलेली अर्धी चपाती, शेजारी दिलेला चहा, सगळं. तारीख घाला. ही वही आहारतज्ज्ञाला लागते आणि पुढं विम्याच्या कागदांतही उपयोगी पडू शकते. अक्कांच्या वहीत जेवणं ठीकच होती; वजन चढवणारं सगळं दुपारी चार ते सात या वेळात लिहिलेलं होतं. चहा-खारी, भडंग, भजी.

करा : बी-12, ड जीवनसत्त्व, लोह आणि फॉलिक ॲसिड यांच्या तपासण्या आधीच करून घ्या. जाड माणूस म्हणजे पोसलेला माणूस हा समज चुकीचा आहे. आपल्या भागात लिंगायत, जैन, ब्राह्मण घरांत शाकाहार कडक. तिथं बी-12 कमी निघण्याची शक्यता जास्त. बायकांत लोह कमी असणं तर नेहमीचंच. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ही द्रव्यं अंगी लागणं आणखी कमी होतं, म्हणून खड्डा आधी बुजवायचा.

टाळा : आहारतज्ज्ञाचं बोलणं मान डोलावून ऐकणं. सीमाभागातली ही खास अडचण आहे. छापील पत्रक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये मिळतं, घरात स्वयंपाक करणारी बाई मराठी वाचते, आणि समजलं नाही हे सांगायला संकोच वाटतो. आहारतज्ज्ञ बोलत असतानाच मराठीत लिहून घ्या आणि लगेच वाचून दाखवा. स्वयंपाक जी करते तिलाच बरोबर न्या.

करा : घरची वाटी पिशवीत घालून न्या. पत्रकात "एक कप" लिहिलेलं असतं, आणि आपल्या घरात तीन मापांच्या वाट्या असतात. औषधाच्या मापानं पाणी भरून वाटी किती मिलीची ते एकदा मोजा आणि तीच वाटी शेवटपर्यंत वापरा.

टाळा : तपासणीच्या दिवशी रिकाम्या हातानं निघणं. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, कोल्हापूर सुमारे 40. रक्त दिल्यावर भूक खवळते आणि स्टँडवर समोर वडा तळत असतो. उकडलेली अंडी, फुटाणे, ताकाची बाटली बरोबर ठेवा.

रोजचं ताट

करा : ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी भाकरी. क्रम उलटा केला की भाकरीनंच पोट भरतं. ऑपरेशननंतर दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात, आणि जागा वाटीभरच. ती गणितं आताच हातात बसू द्या. एक अंडं 6 ग्रॅम. पेलाभर दूध 6 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण 6 ग्रॅमच्या आसपास. 100 ग्रॅम पनीर 18. शिजवलेलं 100 ग्रॅम चिकन 25. कोरडे सोयाबीन वडे 30 ग्रॅम घेतले तर 15. मूठभर फुटाणे, म्हणजे 50 ग्रॅम, 10 ते 11. वरण आणि ताक एवढ्यावर 60 गाठता येत नाहीत, हे बेरीज केल्यावर आम्हाला पहिल्यांदा कळलं.

करा : भाकरी लहान थापा. ज्वारी चांगली, यात वाद नाही, पण आपल्याकडची तवाभर भाकरी म्हणजे 80 ते 100 ग्रॅम पीठ, नुसत्या पिठाच्याच 300 च्या आसपास कॅलरी. "भाकरीनं वजन वाढत नाही" असं म्हणत तीन खाल्ल्या तर वाढतंच. अक्कांसाठी आम्ही तळहाताएवढी थापायला लागलो. मोठी भाकरी मोडून अर्धी देऊ नका. अर्धी मिळालेला माणूस उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसतो.

टाळा : काला. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि कुठल्याही छापील पत्रकात सापडणार नाही. आपण भाकरी रश्श्यात, आमटीत, दुधात कुस्करतो आणि ओल्या घासासारखी गिळतो. दात लागतच नाहीत. दोन भाकऱ्या पाच मिनिटांत संपतात. नव्या जठरात असा गिळलेला गोळा अडकतो, छातीत दुखतं, उलटी होते. आजपासून भाकरी कोरडी, भाजी वेगळी. घास बोराएवढा. 20 ते 30 वेळा चावायचा, घास तोंडातच पातळ झाला की मग गिळायचा. पहिल्या आठवड्यात जबडा दुखेल.

करा : जेवणाला वीस मिनिटं द्या. जठर भरल्याची खबर मेंदूला पोचायला साधारण तेवढा वेळ लागतो. घास घेतला की हात ताटाबाहेर ठेवायचा.

टाळा : जेवताना पाणी. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नको. आपल्याकडं ही सवय मोडणं फार अवघड आहे, कारण तिखट. संकेश्वरी मिरचीच्या रश्श्याला पाणी लागतंच. म्हणून आधी तिखट उतरवा. खर्डा, ठेचा, तळलेली मिरची हे सगळं रोज एक पायरी कमी करा, जळजळ कमी होईल आणि पाण्याची गरजही. तांबडा-पांढरा रस्सा वाटीमागून वाटी ओरपणं हेही जेवणाबरोबरचं पाणीच आहे. दिवसभराचं पाणी मधल्या वेळात घोट घोट प्या.

करा : तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, ते दिनदर्शिकेवर लिहा. सबंध घराचं तेल कमी करा. आजारी माणसासाठी वेगळी भाजी करणं आठ दिवस टिकतं, मग त्याच्यासमोर बाकीचे एण्णेगाई, म्हणजे तेलातली भरली वांगी, खातात आणि तो एकटा दुधी. वांगं तेच, शेंगदाण्याचं कूट निम्मं, तेल निम्मं, आणि ताटं सगळ्यांची सारखी.

टाळा : शेंगाचटणी "चवीपुरती" म्हणून तीन चमचे तेल घालून. शेंगदाणा चांगला, पण निम्म्या वजनाची चरबीच असते. एक लहान चमचा, दह्यात कालवून.

टाळा : चरत राहणं. जेवण कमी केलं आणि दिवसभर तोंड चालू ठेवलं तर ऑपरेशन झाल्यावरही वजन परत चढतं. लहान जठर एका बैठकीत जास्त घेत नाही, पण दर अर्ध्या तासाला मूठभर चिवडा त्यातून आरामात जातो. दिवसाच्या खाण्याच्या वेळा बांधून घ्या, तीन जेवणं आणि दोन लहान खाणी. चिरमुऱ्याचा डबा माळ्यावर.

गोड

ऊस, गूळ आणि साखर कारखान्यांचा हा मुलूख. गोडाला नाही म्हणणं इथं अपमानासारखं वाटतं.

टाळा : "गूळ चालतो" हा समज. गूळ, काकवी, मध, साखर, यकृताला यात फारसा फरक नाही. गुऱ्हाळावर पेलाभर रस घेतला तर यकृत हलकं करायची दोन दिवसांची मेहनत गेली, असं धरा.

करा : चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. दिवसाला पाच चहा आणि कपाला दोन चमचे, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर रोज, कुणाच्या हिशेबात नसलेली. चहात बुडवायची खारी, बटर, टोस्ट यांना हिशेबात धरलं तर चहा हे चौथं जेवणच आहे.

बायपासनंतर गोड खाल्लं तर ते जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतं. धडधड, दरदरून घाम, चक्कर, जुलाब. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. ज्यांनी आधी गोड सोडलेलं नसतं ते घरी आल्यावर एक घास म्हणून कुंदा चाखतात आणि घाबरून रात्री दवाखाना गाठतात.

टाळा : सोडा आणि थंड पेयं, साखरेची असोत वा बिनसाखरेची. जेवणावर जिरा सोडा ही बेळगावातली आवडती सवय आहे. लहान जठरात त्या वायूला जागा नाही. दारूही आत्ताच बंद. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती फार लवकर आणि जास्त चढते, आणि आधीच चरबीनं भरलेल्या यकृतावर आणखी भार टाकते.

तंबाखू

निपाणी म्हटलं की तंबाखू. 1981 च्या शेतकरी आंदोलनानं हे नाव देशभर गेलं. इथल्या कितीतरी घरांची चूल विडी वळून पेटली आहे. तंबाखूशी आमचं नातं पोटाचं आहे हे मान्य करूनच लिहिते, की ऑपरेशन करून घेणाऱ्याच्या तोंडात ती चालत नाही.

करा : निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. जठराला जिथं टाके पडतात, तिथं रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. बायपासच्या जोडावर नंतर अल्सर होण्याचं हे एक मोठं कारण आहे. विडी-सिगारेटच्या धुरानं भुलीतला श्वासाचा धोकाही वाढतो.

करा : मिश्री सांगा. विडी-सिगारेट पुरुष सांगून टाकतात. मिश्री लावणारी बाई सासूसमोर, नवऱ्यासमोर, परक्या डॉक्टरसमोर "काही नाही" म्हणते. कितीतरी बायकांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. तपकीर, गुटखा, तंबाखूचा बार, मिश्री, सगळं तेच निकोटीन. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगा, आणि संकोच वाटत असेल तर नर्सबाईंना एकट्यानं बोलायचंय म्हणून सांगा.

टाळा : "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून सकाळची एकदा चालू ठेवणं. त्याऐवजी उठल्यावर कोमट पाणी, रोज पालेभाजी, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. दहा-पंधरा दिवसांत पोट नव्या वेळेला लागतं. तंबाखू सुटली की गोडाची ओढ वाढते, तेव्हा तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. लिमलेटच्या गोळ्या नकोत. सोडायला मदत लागली तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

जत्रा, उपवास, पाहुणे

टाळा : गावच्या म्हाईच्या (गावजत्रेच्या), घरच्या लग्नाच्या किंवा दिवाळीच्या पंधरवड्यातली तारीख. डॉक्टर तारीख विचारतात तेव्हा दिनदर्शिका उघडून बसा. सौंदत्तीच्या यल्लम्माची, चिंचलीच्या मायाक्काची जत्रा तुमच्या घरात पाळत असतील तर तेही बघा. त्या दिवसांत घरात नैवेद्य शिजतो आणि एकट्या माणसाला ताकावर बसवणं घरालाही जड जातं.

करा : प्रसाद घ्या, कणभर. नाकारल्यानं मन खातं आणि नंतर गुपचूप जास्त खाल्लं जातं.

टाळा : आहारतज्ज्ञाला न सांगता उपवास. आपला उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, तूप. त्यात प्रथिनं थोडी, बाकी स्टार्च आणि चरबी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहणं तर धोक्याचं. सोमवार, संकष्टी, एकादशी, जे पाळत असाल ते सांगा. दूध, दही, पनीर घालून बसणारा उपवास आखता येतो.

करा : घरच्यांना एकदा एकत्र बसवून सांगा. हे काम रुग्णाचं नाही. नवरा, मुलगा, सून, कुणीतरी पुढं व्हा. आमच्याकडं माझ्या दिरांनी भावकीत फोन केले: "अक्काला भेटायला या, डबा आणू नका. आणायचंच असलं तर लिंबं आणा." आग्रह करकरून वाढणं ही आपल्याकडची माया आहे, मला ती ठाऊक आहे. पण "एवढ्यानं काय होतंय की" हे वाक्य दिवसातून पाच जण म्हणतात, आणि ते एवढं-एवढं सगळं एकाच यकृतात जमतं.

टाळा : वजनावरून चेष्टा, प्रेमानंसुद्धा. राग, एकटेपणा, अपमान यांवर खाणं हा उतारा झालेला असतो, विशेषतः बायकांत. बहुतेक ठिकाणी ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठेवतात. तिथं जायला लाजू नका. कधी भूक नसताना खाता, कुणाच्या बोलण्यानंतर खाता, ते तिथंच मोकळेपणानं सांगता येतं.

शेवटचे दोन आठवडे

आता कडक आहार. बहुतेक ठिकाणी दिवसाला 800 ते 1000 कॅलरी, जास्त करून द्रव, आणि प्रथिनं भरपूर. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईत उपचारासाठी आणलं, तेव्हा वजन सुमारे 500 किलो असल्याची बातमी सगळीकडे होती. फेब्रुवारीत त्या आल्या, ऑपरेशन मार्चमध्ये झालं. मधल्या आठवड्यांत त्यांना द्रवाहारावर ठेवून वजन उतरवलं. एवढ्या तातडीच्या रुग्णालाही तयारी चुकली नाही.

करा : रुग्णालयानं सांगितलेली प्रथिनांची पावडर वेळेवर घ्या. त्याबरोबर लोणी काढलेलं पातळ ताक, सायीशिवाय दूध, गाळलेलं मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, हुलग्याचं पातळ माडगं, यांतलं जे पत्रकात बसेल ते. मटण शिजताना मसाला पडण्याआधी काढलेलं अळणी आपल्याकडं आजाऱ्याला देतातच. ते गार करून वरचा चरबीचा थर काढा आणि गाळून घ्या. मात्र अळण्यात चव आणि मीठ असतं, प्रथिनं फार थोडी. त्यावर पावडर सोडू नका.

टाळा : "पातळ आहे, चालतं" असं समजणं. उसाचा रस, फळांचे रस, साबुदाण्याची पेज, नाचणीची गोड खीर, दाट आंबील, भाताची पेज, सरबत, सगळं पातळ आहे आणि सगळं साखर-पिठाचं आहे. आम्ही पहिल्या वेळी अक्कांना शक्ती यावी म्हणून रोज दोन शहाळी आणि डाळिंबाचा रस देत होतो.

करा : दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत डोकं दुखणं, चिडचिड, थकवा, तोंडाला वास येणं, हे धरून चाला. त्यानंतर बहुतेकांना हलकं वाटायला लागतं. त्या दिवसांत शेताचं, धुण्याचं जड काम दुसऱ्यानं उचला. थरथर, घाम, बोलणं अडखळणं असं झालं तर ते साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. वाट न बघता साखर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

टाळा : औषधं जशीच्या तशी चालू ठेवणं. आहार एवढा उतरला की इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढ्याच मात्रेत घेतल्यास साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस थांबवतात, कारण कमी खाण्यावर त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, दर आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन, हे सगळं वेगवेगळ्या वेळी बदलावं लागतं. स्वतःच्या मनानं ना थांबवा, ना चालू ठेवा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. ओळखीच्या वैद्यांचा काढा, चूर्ण, झाडपाला, तेही त्याच पिशवीत.

शेवटचा दिवस

करा : साधारण चोवीस तास आधीपासून फक्त आरपार दिसणारं द्रव, म्हणजे पाणी, गाळलेलं अळणी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. किती वाजता सगळं बंद, ते भूलतज्ज्ञ सांगतात. ती वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा.

टाळा : देवाला नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा. आईच्या हातचा एक घास. "रात्रभर उपाशी कसा राहील" म्हणून पहाटे दिलेला कपभर दूध-चहा. भूल दिल्यावर जठरातलं काहीही वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यानं जीव जातो.

आणि तरीही खाल्लं गेलं असेल, अर्धी भाकरी असो की चमचाभर शिरा, तर भूलतज्ज्ञांना आत नेण्याआधी सांगा. रागावतील म्हणून लपवू नका, घरच्यांनो तुम्हीही नका. ऑपरेशन पुढं जाईल. अक्कांचंही एकदा गेलं होतं, आणि दुसरी तारीख मिळाली.